संपृक्त की असंपृक्त? हायड्रोकार्बनमधला दुसरा बंध नेमका काय करतो

हेक्झेन आणि हेक्झीन हे दोन द्रव शेजारी ठेवले तर नुसतं बघून त्यांतला फरक ओळखता येत नाही. दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यावर तरंगणारे, दोघांनाही पेट्रोलसारखा वास. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसला उकळतं आणि टोकाला दुहेरी बंध असलेलं हेक्झीन ६३ अंशांना. रेणूत फरक फक्त दोन हायड्रोजनचा: हेक्झेनमध्ये सहा कार्बनबरोबर चौदा हायड्रोजन, हेक्झीनमध्ये बारा. पण दोन्हींत ब्रोमीनच्या नारिंगी द्रावणाचे चार थेंब टाकून परीक्षानळी हलवली, की हेक्झीनमधला रंग बघता बघता जातो आणि हेक्झेनमध्ये तो तसाच राहतो. दोन हायड्रोजन कमी झाल्याने वागणं इतकं का बदलतं, हे एकदा नीट कळलं की या प्रकरणातलं बरंचसं पाठ करावंच लागत नाही.

कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि स्थिर संयुगांत तो चार सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारे, बंध करतो. हायड्रोजन एकच बंध करतो. दोन कार्बन एकेरी बंधाने जोडले की प्रत्येकाचे तीन बंध शिल्लक राहतात आणि त्यांवर एकूण सहा हायड्रोजन बसतात, हे इथेन. त्याच दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असेल तर चारच हायड्रोजनना जागा उरते. हे इथीन, म्हणजे उद्योगांतलं इथिलीन. तिहेरी बंध असेल तर दोनच हायड्रोजन. हे इथाइन, म्हणजे ॲसिटिलीन. फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग ते हायड्रोकार्बन. ज्याच्यातले कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी ते हायड्रोकार्बन संपृक्त; एखादा जरी दुहेरी किंवा तिहेरी असला तरी ते असंपृक्त. साखळी सरळ असो की फांद्या फुटलेली, अल्केनमध्ये, म्हणजे संपृक्त साखळीच्या हायड्रोकार्बनमध्ये, हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त असते. एक दुहेरी बंध असलेल्या अल्कीनमध्ये ती बरोबर दुप्पट, आणि एक तिहेरी बंध असलेल्या अल्काइनमध्ये दुपटीपेक्षा दोनने कमी.

दुहेरी म्हणजे दुप्पट मजबूत नव्हे

इथे एक गैरसमज हमखास होतो. दोन बंध आहेत म्हणजे जोड दुप्पट घट्ट, मग असंपृक्त रेणू जास्त टिकाऊ असायला हवा, असं वाटतं. आकडे वेगळं सांगतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला सरासरी ३४७ किलोजूल प्रति मोल ऊर्जा लागते, दुहेरीला सुमारे ६१४ आणि तिहेरीला सुमारे ८३९. म्हणजे दुसऱ्या बंधाने भर घातली ती साधारण २६७ किलोजूलची, आणि तिसऱ्याने तर २२५ चीच. अख्खा दुहेरी बंध एकेरीपेक्षा बळकट आहेच, अणूही जास्त जवळ येतात (अंतर १५४ पिकोमीटरवरून १३४ वर येतं, तिहेरीत १२० वर). पण त्यातला दुसरा थर पहिल्यापेक्षा कच्चा असतो.

याचं कारण तो थर बनतो कसा यात आहे. पहिला बंध, म्हणजे सिग्मा बंध, दोन अणूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर तयार होतो. त्यातले इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या बरोबर मधोमध असतात. दुसरा बंध, म्हणजे पाय बंध, तयार होतो तो कक्षकांच्या, म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागांच्या, बाजू एकमेकींना भिडून. त्याचा इलेक्ट्रॉन-ढग रेणूच्या सपाट पृष्ठाच्या वर आणि खाली पसरलेला असतो. केंद्रकांची पकड त्यावर सैल, आणि बाहेरून येणाऱ्याला तो सहज हाती लागणारा. शिवाय दुहेरी बंधाच्या कार्बनभोवती तीनच अणू असतात, तेही साधारण १२० अंशांच्या कोनात एकाच पातळीत, त्यामुळे वरून-खालून यायला वाट मोकळी असते. अल्केनमधल्या कार्बनभोवती मात्र चारही दिशांना अणू असतात आणि कोन १०९.५ अंशांचे. तिथे शिरायला फटही नाही आणि उघडे इलेक्ट्रॉनही नाहीत.

म्हणून इलेक्ट्रॉनच्या शोधात असलेलं अभिकारक (क्रिया करायला येणारा पदार्थ) दुहेरी बंधावर येतं, पाय बंध उघडतो, आणि दोन्ही कार्बनवर एकेक नवा अणू बसतो. काहीही बाहेर टाकलं जात नाही. ही समावेशन अभिक्रिया. हिशेबही फायद्याचा असतो: पाय बंधाचे सुमारे २६७ आणि ब्रोमीनच्या रेणूतल्या बंधाचे १९३ किलोजूल खर्च होतात, बदल्यात कार्बन-ब्रोमीनचे दोन बंध मिळतात, प्रत्येकी सुमारे २८५ चे. शंभरेक किलोजूल हाती उरतात. अल्केनला नवा अणू हवा असेल तर आधी एक हायड्रोजन सोडावा लागतो. ती प्रतियोजन अभिक्रिया, आणि ब्रोमीन किंवा क्लोरीनबरोबर ती चालू करायला प्रकाश किंवा उष्णता लागते.

मात्र ऊर्जा सुटते म्हणून अभिक्रिया लगेच होईलच असं नाही. इथीनमध्ये हायड्रोजन मिळाला की मोलमागे १३७ किलोजूल सुटतात, तरीही दोन्ही वायूंचं मिश्रण नेहमीच्या तापमानाला नुसतं पडून राहतं. हायड्रोजनचा रेणू आधी फोडायला हवा, आणि ते काम उत्प्रेरक म्हणून निकेल, पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा पृष्ठभाग करतो. उत्प्रेरकावर गंधकाची संयुगं बसली तर पृष्ठभाग अडतो आणि हायड्रोजनीकरण थंडावतं. अशा वेळी तापमान वाढवत बसण्यापेक्षा कच्चा माल गंधकमुक्त करणं शहाणपणाचं.

तिहेरी बंधात दोन पाय बंध असतात, त्यामुळे समावेशन दोन टप्प्यांत होतं. ॲसिटिलीनच्या बाबतीत एक धोका वेगळा सांगायला हवा. हा वायू दाबाखाली हवा नसतानाही कार्बन आणि हायड्रोजनमध्ये विघटित होऊन स्फोट करू शकतो. म्हणून त्याच्या सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि वायू त्यात विरघळवून ठेवतात. सिलिंडर उभाच वापरायचा, नाहीतर ॲसिटोन नळीत येतं. त्याच्या नळ्या-जोडण्यांत शुद्ध तांबं चालत नाही, कारण तांब्याबरोबर त्याचं स्फोटक ॲसिटिलाइड बनतं.

ब्रोमीनची चाचणी आणि ती कुठे फसते

पद्धत साधी आहे. स्वच्छ परीक्षानळीत सुमारे १ मिलिलीटर फिकट नारिंगी ब्रोमीनजल घ्यायचं, त्यात नमुन्याचे पाच-सहा थेंब टाकायचे, बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं आणि थर वेगळे होऊ द्यायचे. हे धूरकपाटातच, हातमोजे घालून. ब्रोमीनने कातडी भाजते आणि वाफ फुप्फुसांना घातक आहे. सांडलंच तर सोडियम थायोसल्फेटचं द्रावण हाताशी असावं.

निष्कर्ष काढताना सगळ्यात मोठी चूक होते ती थर बघण्यात. हेक्झेन आणि ब्रोमीनजल एकमेकांत मिसळत नाहीत. ब्रोमीनला मात्र पाण्यापेक्षा हेक्झेन जास्त मानवतं. नळी हलवली की ते खालच्या पाण्यातून वरच्या थरात जातं. खालचा थर फिका पडतो आणि वरचा नारिंगी होतो. ज्याने फक्त खालचा थर बघितला तो बेधडक ‘असंपृक्त’ लिहून मोकळा होतो. रंग जागा बदलतोय की खरोखर नाहीसा होतोय, हे बघायचं असतं. हेक्झीनच्या नळीत दोन्ही थर रंगहीन होतात. एका नळीत माहितीचं हेक्झेन, दुसरीत माहितीचं हेक्झीन आणि तिसरीत नमुना, अशा तिन्ही चाचण्या एकाच वेळी केल्या तर ही गफलत होतच नाही.

दुसरी अडचण उजेडाची. कडक उन्हात ठेवलेल्या नळीत हेक्झेनसुद्धा ब्रोमीनचा रंग काही मिनिटांत घालवतं, कारण प्रकाशाने ब्रोमीनचे रेणू फुटून प्रतियोजन सुरू होतं. त्यात हायड्रोजन ब्रोमाइड सुटतं आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला निळा लिटमस लाल होतो. पण लिटमसवरून निकाल द्यायचा असेल तर ब्रोमीन पाण्यात नव्हे, डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवलेलं हवं. ब्रोमीनजलात अल्कीनशी क्रिया होताना पाण्याचा रेणूही भाग घेतो, एका कार्बनवर ब्रोमीन आणि दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल गट बसतो, आणि तिथेही हायड्रोजन ब्रोमाइड तयार होतं. म्हणजे पाण्यातली आम्लता दोन्ही बाजूंनी येऊ शकते.

ब्रोमीन गरजेपेक्षा जास्त झालं तर अल्कीन संपतं आणि रंग शिल्लक राहतो. म्हणून थेंब मोजून टाकायचे. नळी ॲसिटोनने विसळून तशीच वापरू नये, कारण ॲसिटोनही ब्रोमीन खातं आणि त्यातून डोळ्यांत झोंबणारं ब्रोमोॲसिटोन बनतं. ब्रोमीनजल जुनं असेल तर ब्रोमीन उडून गेलेलं असतं आणि चाचणी कशाशीही ‘यशस्वी’ होते! फिनॉलही रंग घालवतं, पण त्याचा पांढरा साका पडतो.

दुसरी प्रचलित चाचणी पोटॅशियम परमँगनेटची. द्रावण थंड, सुमारे एक टक्क्याचं आणि सोडियम कार्बोनेटने किंचित अल्कधर्मी केलेलं हवं. जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका दिसला तर दुहेरी बंध असण्याची शक्यता मोठी. शक्यताच म्हणायचं, कारण अल्डिहाइडही हेच करतात आणि अल्कोहोल सावकाश करतात. नमुना निव्वळ हायड्रोकार्बन आहे याची खात्री नसेल, तर एकट्या परमँगनेटवर विसंबू नये.

ज्योतीवरून ओळखण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. असंपृक्त पदार्थ काजळी धरून पिवळ्या ज्योतीने जळतात हे खरं, आणि कारण कार्बनच्या प्रमाणात आहे: वजनाने मिथेनमध्ये ७५ टक्के कार्बन, इथेनमध्ये ८०, इथीनमध्ये ८५.७, ॲसिटिलीनमध्ये ९२.३. मिथेन आणि ॲसिटिलीन यांतला फरक ज्योत सांगेल. पण हेक्झेनमध्ये ८३.७ आणि हेक्झीनमध्ये ८५.७ टक्के कार्बन असतो. दोन टक्क्यांचा फरक काजळीत वाचता येत नाही. आणि हवा कमी पडली तर संपृक्त हायड्रोकार्बनही काजळी धरतंच.

सूत्रावरून मोजणी

रेणुसूत्र हातात असेल तर किती हायड्रोजन कमी आहेत ते मोजता येतं. कार्बनच्या संख्येची दुप्पट करा, त्यात दोन मिळवा, प्रत्यक्षातले हायड्रोजन वजा करा आणि उत्तराला दोनने भागा. सहा कार्बन, बारा हायड्रोजन: उत्तर एक. सहा कार्बन, दहा हायड्रोजन: दोन. रेणूत ऑक्सिजन असेल तर तो मोजायचाच नाही. क्लोरीन-ब्रोमीन असतील तर त्यांना हायड्रोजनमध्ये धरायचं.

इथे सापळा आहे तो वलयाचा. साखळीची दोन टोकं जोडून वलय केलं की दोन हायड्रोजन कमी होतात, दुहेरी बंध मात्र एकही येत नाही. सायक्लोहेक्झेनचं सूत्र हेक्झीनसारखंच, सहा कार्बन आणि बारा हायड्रोजन; पण ते पूर्ण संपृक्त आहे आणि अंधारात ब्रोमीनला दाद देत नाही. म्हणून आलेली संख्या ‘दुहेरी बंध अधिक वलयं’ अशी वाचायची (तिहेरी बंध दोनदा मोजायचा). नेमकी विभागणी हवी असेल तर हायड्रोजनीकरण करून किती हायड्रोजन शोषला ते बघायचं. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनमध्ये दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, म्हणजे संख्या तीन. रेणूमागे हायड्रोजनचे दोनच रेणू शोषले जातात, म्हणून दोन दुहेरी बंध आणि एक वलय. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये चाळीस कार्बन आणि छप्पन्न हायड्रोजन: तेरा, त्यांत अकरा दुहेरी बंध आणि दोन वलयं. ते अकराही बंध एकाआड एक येतात, म्हणून त्याला तो गडद केशरी रंग असतो.

तेलासारखं मिश्रण असेल तर सूत्र नसतंच. तिथे आयोडीन मूल्य काढतात: १०० ग्रॅम पदार्थ किती ग्रॅम आयोडीन सामावून घेतो. निव्वळ आयोडीनची क्रिया फार मंद, म्हणून विज द्रावण, म्हणजे ॲसिटिक आम्लातलं आयोडीन मोनोक्लोराइड, वापरतात. मूल्य १०० च्या आसपास अपेक्षित असेल तर ०.२५ ते ०.३ ग्रॅम तेल सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळवून २५ मिलिलीटर विज द्रावण घालायचं, बूच लावून अर्धा ते एक तास अंधारात ठेवायचं, मग पोटॅशियम आयोडाइड आणि पाणी घालून सुटलेलं आयोडीन ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापित करायचं. तेल न घालता असंच दुसरं वाचनही घ्यायचं. समजा तेलाशिवायचं वाचन ५०.० मिलिलीटर, तेलाचं २६.४, आणि तेल ०.३ ग्रॅम. फरक २३.६, त्याला ०.१ आणि १२.६९ ने गुणून ०.३ ने भागलं की ९९.८.

तेलाचं वाचन तेलाशिवायच्या वाचनाच्या निम्म्याहून कमी आलं, तर समजायचं की तेल जास्त घेतलं गेलं आणि अभिकारक अपुरं पडलं. आलेलं मूल्य खोटं कमी असेल. अनुमापनातलं द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच त्यात स्टार्च घालायचं, आणि शेवटी फ्लास्क जोरात हलवायचा, कारण वरच्या थरात आयोडीन दडून बसतं.

बेंझीन या हिशेबात बसत नाही

मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये दिव्याच्या वायूच्या तेलकट अवशेषातून बेंझीन वेगळं केलं. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. सूत्रावरून संख्या चार. फ्रेडरिक केकुले यांनी १८६५ मध्ये वलयाची रचना मांडली आणि पुढे त्यात एकाआड एक तीन दुहेरी बंध दाखवले जाऊ लागले. मग ब्रोमीनचा रंग झटकन जायला हवा, पण जात नाही. सायक्लोहेक्झीनमधला एक दुहेरी बंध हायड्रोजनने भरला की सुमारे १२० किलोजूल सुटतात. तीन बंधांना ३६० सुटायला हवेत, बेंझीनमधून सुटतात २०८ च. उरलेले दीडशे किलोजूल म्हणजे सहा इलेक्ट्रॉन अख्ख्या वलयावर पसरल्याने मिळालेलं स्थैर्य. सहाही बंध सारखेच, १३९ पिकोमीटरचे. समावेशन झालं तर हे स्थैर्य हातचं जाईल, म्हणून बेंझीन लोह ब्रोमाइडसारख्या उत्प्रेरकाच्या मदतीने प्रतियोजन करतं. हायड्रोजन कमी आहेत म्हणजे पदार्थ अल्कीनसारखाच वागेल, असं धरून चालू नये.

बंध फिरत नाही, त्याचे परिणाम

एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग सहज फिरतात. इथेनमध्ये त्याला १२ किलोजूल पुरतात. दुहेरी बंधाभोवती फिरायचं तर पाय बंधच मोडावा लागतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गट एकाच अंगाला असले तर सिस, विरुद्ध अंगांना असले तर ट्रान्स, अशी दोन वेगळी संयुगं होतात. लांब साखळ्यांत याचा परिणाम ठळक दिसतो. खालची उदाहरणं आम्लांची आहेत, निव्वळ हायड्रोकार्बनची नाहीत, पण साखळी तीच. अठरा कार्बनचं स्टिअरिक आम्ल संपृक्त आहे. सरळ काठ्यांची मोळी जशी घट्ट बसते तसे त्याचे रेणू एकमेकांना लागून बसतात आणि ते ६९ अंशांना वितळतं. मध्ये एक सिस बंध आला की साखळीला बाक येतो. ओलिइक आम्ल १३-१४ अंशांनाच वितळतं. तोच बंध ट्रान्स झाला की साखळी पुन्हा जवळजवळ सरळ, आणि इलायडिक आम्लाचा द्रवणांक ४५ अंशांच्या आसपास जातो.

तेल घट्ट करण्यासाठी निकेलवर अर्धवट हायड्रोजनीकरण करतात तेव्हा ट्रान्स बंध इथूनच येतात. उत्प्रेरकावर दुहेरी बंधाला आधी एकच हायड्रोजन जोडला जातो. दुसरा मिळाला नाही तर पहिला सुटून बंध पुन्हा तयार होतो, पण मधल्या काळात साखळी फिरलेली असते आणि ट्रान्स रूप जास्त स्थिर असतं. पृष्ठभागावर हायड्रोजन कमी पडला, म्हणजे दाब कमी आणि तापमान जास्त असलं, तर ट्रान्सचं प्रमाण वाढतं. पूर्ण हायड्रोजनीकरण केलेल्या मेदात दुहेरी बंधच राहत नाहीत, त्यामुळे ट्रान्सही जवळपास नसतात. औद्योगिक ट्रान्स मेद अन्नातून हद्दपार करण्याचं आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केलं, ते अर्धवट हायड्रोजनीकरणातून येणाऱ्या मेदासाठी.

दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. हवेतला ऑक्सिजन तिथूनच साखळीत शिरतो, आणि म्हणून असे बंध जास्त असलेलं तेल लवकर खवट होतं. जवसाचं तेल रंगात वापरतात तेही याचमुळे: पातळ थर हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतो आणि कडक होतो. या क्रियेत उष्णता सुटते. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर उष्णता आत कोंडते, तापमान वाढतं, क्रिया आणखी वेगाने होते आणि चिंध्या काडी न लावता पेट घेतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

बहुवारिकांतही, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांतही, हाच प्रश्न येतो. इथीनचे रेणू जोडून पॉलिइथिलीन होताना प्रत्येक रेणूचा पाय बंध खर्ची पडतो, म्हणून तयार झालेली साखळी संपृक्त असते आणि ब्रोमीन, आम्ल, ओझोन यांना सहजी दाद देत नाही. नैसर्गिक रबराच्या साखळीत मात्र दर पाच कार्बनमागे एक दुहेरी बंध शिल्लक असतो. व्हल्कनायझेशनमध्ये गंधक साखळ्यांना एकमेकींशी जोडतं ते या बंधांच्या आधाराने, आणि हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतो तोही त्यांच्यावरच हल्ला करून. चिरा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. म्हणून खिडक्यांच्या आणि गाड्यांच्या दारांच्या रबरी पट्ट्यांसाठी इथीन, प्रोपीन आणि थोडंसं डाईन (दोन दुहेरी बंधांचं हायड्रोकार्बन) वापरून ईपीडीएम रबर बनवतात. त्यात मुख्य साखळी संपृक्त असते आणि मोजके दुहेरी बंध बाजूच्या फांद्यांवर असतात. गंधकाला जोडणीसाठी जागा मिळते, आणि ओझोनने एखादा बंध तोडला तरी साखळी अखंड राहते.